गोराईचे पाच रविवार

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

दुकानात पाय ठेवायला जागा नाही! चौदा तारखेला विंडोज टेनचे अपडेट बंद होणार म्हणून अख्खं मालाड आपापले डबे काखेत मारून आलंय. निमेशची चांदी. दुकान त्याचं, त्यामुळे बोलणार तोच — "काका, जुनं झालं, नवीन घेऊन टाका!" मी मागच्या टेबलावर बसून दात-ओठ खातो. चालती मशीन भंगारात घालायला लोकांचे हात कसे धजतात? बावीस वर्षं दुरुस्तीचंच काम करतोय, तरी हे बघायची सवय होत नाही.

दुपारी एक बाई आल्या. मशीन नाही, हातात फक्त चिठ्ठी. सुबक अक्षर — पेंटियम फोर, एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी, चालू व्हायला अकरा मिनिटं, नंतर निळा पडदा. अकरा मिनिटं! कुणीतरी घड्याळ लावून बसलं होतं. इतकी नीट चिठ्ठी या धंद्यात पहिल्यांदा बघितली.

"आधीच सांगते, नवीन घ्या म्हणायचं नाही," म्हणाल्या. निमेश म्हणालाच.

नाव दीप्ती. बोरिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. राहायला खाडीपलीकडे गोराईला, आईबरोबर. शाळेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर घरी नेलाय. काम एवढंच — मराठी टाइप करायचं, मोठ्या अक्षरात, आणि प्रिंट काढायची. इंटरनेटसुद्धा नको. मी सांगितलं, विंडोजचा नाद सोडा, फुकटात मिळणारी एखादी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू. पण कुठली मानवेल ते मशीनसमोर बसूनच कळेल. मी रविवारी येतो.

रविवारी येतो! कोण बोललं हे? मी! रविवारी दुपारी दोनपर्यंत अंथरूण न सोडणारा मी!

१२ ऑक्टोबर, रविवार

गेलो. बोरिवलीहून बस, मग बोट. बोटीत माणसांपेक्षा स्कूटर जास्त. घर जेट्टीपासून चालत दहा मिनिटं, दारात बोंबील वाळत घातलेले.

सीपीयू उघडला तर आत पालीची दोन अंडी. दीप्तीनं ती कागदावर घेऊन बाहेर कुंडीत नेऊन ठेवली. आतला बारका सेल मेलेला, त्यामुळे मशीनच्या मते आज १ जानेवारी २००३. सेल बदलला. लुबुंटू नावाच्या हलक्या सिस्टीमची डीव्हीडी घातली. एक ओळ लिहून मशीन गप्प — प्रोसेसर बत्तीस बिटचा, सिस्टीम चौसष्ट बिटची. हे मला चिठ्ठी वाचतानाच कळायला हवं होतं. बावीस वर्षांचा अनुभव म्हणे!

दीप्ती हसली नाही. म्हणाली, "अहो, बोटीला वेळ आहे अजून. चहा घ्या."

चहाबरोबर खरी गोष्ट कळली. तिची आई, कमळमावशी, धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाते ती. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, पन्नास वर्षं गातेय. सगळी डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. शिकायला कुणी आलं नाही, पोरींना डीजे पाहिजे. मावशी आता चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेत, तीन वर्षांत खाडी ओलांडलेली नाही.

मी म्हटलं, मग फोनवर रेकॉर्ड करा, सोपं आहे. मावशी आतून ओरडली, "मांडव नाय, नवरी नाय, मंग कोनासाठी गावाचं?"

हा तिचा नेम. लग्नाशिवाय गायचं नाही. पण सांगेल. एकेक ओळ सावकाश सांगेल, दीप्तीनं लिहायची. तेही वहीत नाही! मागे कुणी बाई शहरातून आल्या होत्या, लिहून घेऊन गेल्या, आणि छापून आलं ते सगळं उलटसुलट. तेव्हा मावशीला वाचता येत नव्हतं. त्या रागानं साठाव्या वर्षी गल्लीतल्या बायकांबरोबर बसून अक्षरं शिकली. पण वाचते ती फक्त छापील आणि मोठ्ठी. हाताचं लिखाण लागत नाही, फोनवरचं दिसत नाही. म्हणून पडद्यावर मोठं अक्षर. तिच्या समोर ओळ उमटणार, ती बोट ठेवून वाचणार, बरोबर म्हणणार, मग पुढची ओळ.

असं काम या दोन हातांकडे कधी आलं नव्हतं. परत येताना बोटीत कडेला उभा राहिलो आणि स्वतःशीच हसलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निमेश : "सीपीयू उचलून आण ना यार इथे! अर्ध्या तासाचं काम."
मी : "बोटीत खारी हवा लागते मशीनला."
निमेश : "ते मशीन खाडीच्या काठावरच राहतं ना रे?"

याला नको तिथे अक्कल आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुसरी फेरी. आज पपी नावाची सिस्टीम नेली होती. हलकी म्हणजे किती हलकी! अख्खी रॅममध्ये बसते, म्हाताऱ्या पेंटियमला पंख फुटले. पण मराठी कीबोर्ड बसवायला मलाच दीड तास. मला जमतं म्हणून त्यांना जमेल असं नाही. दीप्ती शाळेत असताना मावशीनं एकटीनं चालू केलं तर? मला असं काहीतरी हवंय की बटण दाबलं, अक्षर आलं. "ही चालणार नाही" हे आज मी अगदी प्रामाणिकपणे म्हटलं, इथे लिहून ठेवतो.

मावशी शेजारी बसून सगळं बघते. मध्येच विचारलं, "नाव काय रं तुजा?" धम्मपाल म्हटलं. नाव ऐकलं की लोक पुढचा प्रश्न गिळतात, मला तो गिळलेला दिसतो. तिनं गिळला नाही. म्हणाली, "तुमच्यात लग्नाला काय म्हनतात?" म्हटलं, पाली भाषेत गाथा म्हणतात. "म्हन." आता आली पंचाईत! सेहेचाळीस वर्षांचा अविवाहित माणूस, दुसऱ्यांच्या लग्नात मागे उभं राहून पुटपुटलेलं तेवढंच येतं. दोन ओळी म्हटल्या, कान गरम झाले. मावशी डोळे मिटून ऐकत होती. "याला बी सूर हाय," म्हणाली.

दीप्तीनं डब्यातून करंज्या दिल्या. तिचं लग्न झालं होतं, दोन वर्षांत माघारी आली. सोळा वर्षं झाली त्याला. हे तिनं डब्याचं झाकण लावता लावता सांगितलं, आणि मी "हो का" म्हणालो. हो का! काय पण माणूस आहे मी.

२६ ऑक्टोबर, रविवार

सापडली!

क्यूफोर. तशीच एक फुकटातली सिस्टीम, पण बत्तीस बिटची. डीव्हीडीवरूनच चालवली, आत काही न टाकता. डाव्या कोपऱ्यात खाली तस्संच बटण, जुन्या एक्सपीसारखं. मावशी लगेच, "यो तं आपला जुनाच!" मराठी कीबोर्ड दोन क्लिकमध्ये बसला. दीप्ती सरकारी पद्धतीचा टाइप शिकलेली, तिची बोटं थेट धावायला लागली. अक्षराचा आकार अठ्ठेचाळीस केला. तिनं आईचं नाव टाइप केलं.

मावशी खुर्ची पुढे ओढून बसली. काचेवर बोट ठेवलं. क... म... ळ. मग बोट मागे नेऊन परत एकदा. आणि मान वर करून आमच्या दोघांकडे बघितलं, शाळेत पहिला नंबर आल्यासारखं. प्रिंटरनंही नाव काढून दिलं. तो कागद तिनं उशीखाली ठेवला.

आता फक्त ती सिस्टीम आत टाकायची होती. चाळीस मिनिटं. नंतर मावशीनं सांगायचं आणि दीप्तीनं लिहायचं.

दीप्ती म्हणाली, "म्हणजे झालं? आता तुम्हाला एवढ्या लांब यायला नको."

चांगल्या मनानं म्हणाली. आणि मी म्हणालो, "नाही, इतक्यात नक्की नाही सांगता येत. प्रोसेसर गरम होतोय. पुढच्या रविवारी आणखी एक बघू."

डीव्हीडी काढून पिशवीत टाकली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

प्रोसेसर गरम होत नव्हता. मी हात लावून बघितला होता.

२ नोव्हेंबर, रविवार

आज अँटीएक्स नावाची आणखी एक सिस्टीम नेली. ही पण उत्तम चालली! या म्हाताऱ्या मशीनला आता काहीही चालतं, मला तोंडघशी पाडायचं ठरवलंय त्यानं. मग मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू? प्रिंटरची केबल मागून ढिली केली. "प्रिंटर पकडत नाही," म्हणालो. दीप्तीनं मान डोलावली. तिचा माझ्या शब्दावर विश्वास आहे. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला एकदाही फसवलं नव्हतं. निमेशशी यावरून किती भांडणं केली! आणि फसवलं कुणाला, तर हिला.

संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं, थांबा म्हणाल्या दोघी. अंगणात उसाचे दोन दांडे, वृंदावनाला गेरू. मावशी पाटावर बसली आणि एकदम गायला लागली.

लग्नच ना ते. तुळशीचं का असेना. वर्षातून ही एक संध्याकाळ तिच्या नेमात बसते. आवाज जाडसर, मध्येच फाटतो, पण कुठे थांबायचं ते तिला माहीत आहे. शेजारच्या बायका हातातली ताटं तशीच धरून उभ्या. दीप्ती माझ्याजवळ उभी होती. हळूच म्हणाली, "परत गाईल ती डिसेंबरात कुणी लग्नाला बोलावलं तर. पण आता तिला मांडवापर्यंत नेणार कोण? मला सगळं लिहून घ्यायचंय रे लवकर."

रे म्हणाली. पहिल्यांदाच. लिहून घ्यायचंय लवकर, हे मला नंतर ऐकू आलं. आधी ऐकू आलं ते रे.

तेव्हाच आत जायचं होतं, पिशवीतली क्यूफोर काढायची होती. चाळीस मिनिटं फक्त. शेवटची बोट होती, हे खरं. पण ते कारण नव्हतं. जेट्टीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी कोळंबीचं कालवण करते. खातोस ना?"

खातो! खातोस ना काय विचारते!

९ नोव्हेंबर, रविवार

कालवण झकास. मावशीनं स्वतः वाटण घातलेलं. मला तिसऱ्यांदा भात वाढला.

पण मावशीला खोकला आहे. बोलता बोलता थांबते, छातीवर हात ठेवते. मला विचारलं, "कवरा येल लावतस रं तू?" मी म्हटलं, जुनं मशीन आहे मावशी. "मी बी जुनीच हाय."

मग स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता आपणहून सांगायला लागली. हळदीचा धवला. हळद दळायला कुणाकुणाला बोलवायचं त्याचा. पहिलं बोलावणं समुद्राला, मग खाडीला, मग नवरीच्या मामाला. समुद्र म्हणतो मला भरती आहे, कसा येऊ... नुसतं सांगत होती तरी ताल सुटत नव्हता. "लिव ना गो," दीप्तीला म्हणाली. दीप्तीनं कॉम्प्युटरकडे बघितलं. मी त्याचं झाकण काढून आतल्या वायरी इकडच्या तिकडे करत बसलो होतो. "झालं की लिहिते आई. पुढच्या आठवड्यात."

बोटीत बसलो आणि मला माझी किळस आली. ठरवलं. येत्या रविवारी गेल्या गेल्या क्यूफोर टाकणार. आणि दीप्तीला सांगणार. केबलचं, प्रोसेसरचं, आणि का केलं ते पण. पक्कं. इथे तारीख घालून लिहिलंय, आता माघार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवा शर्ट घेतला. निमेश — "खाऱ्या हवेसाठी काय?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दीप्तीचा फोन. मावशीला काल बोटीनं आणलं, बोरिवलीच्या हॉस्पिटलात. न्यूमोनिया. मी विचारलं, काय लागेल, मी निघतो. म्हणाली, "आज आयसीयूत सोडत नाहीत कुणाला. उद्या ये."

तीन वर्षांनी खाडी ओलांडली मावशीनं. अशी.

१६ नोव्हेंबर, रविवार

मावशीच्या तोंडावर मास्क. डोळे उघडे, पण ओळख दाखवली नाही. हात हातात घेतला, त्यावर हळदीचा जुना पिवळेपणा होता की मला तसं वाटलं, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, वय आहे, काही सांगता येत नाही.

बाहेर बाकावर बसलो. दीप्ती दोन दिवस झोपलेली नव्हती. म्हणाली, "एक ओळसुद्धा नाही माझ्याकडे. एक ओळ! पन्नास वर्षांचं सगळं तिच्या डोक्यात, आणि मी..." मग माझ्या हातावर हात ठेवला. "तू पाच रविवार धावपळ केलीस. तुझे उपकार कसे फेडू?"

उपकार!

सांगितलं. सगळं. क्यूफोर तिसऱ्या रविवारीच चालली होती. प्रोसेसर गरम नव्हता. केबल मी ढिली केली होती. एका दमात बोललो, थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं.

तिनं हात काढून घेतला. मग विचारलं, "का?"

"यायला मिळावं म्हणून."

"मग तसं सांगायचं ना. चहाला येतो म्हणायचं. कोण नको म्हणालं असतं?"

हे इतकं साधं वाक्य मला पाच रविवारांत सुचलं नाही, आणि दुसऱ्याच्या मशीनच्या वायरी ढिल्या करायचं बरोबर सुचलं.

"तीन रविवार होते माझ्याकडे," ती म्हणाली. "आई बसत होती, बोलत होती. तुम्ही जा आता."

गेलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काम केलं. काय केलं आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दीप्तीचा मेसेज : "घराची चावी शेजारी हेमांगीवहिनींकडे आहे. जमलं तर तेवढं करून ठेवा." बाकी काही नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निमेशला म्हटलं, आज सुट्टी. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चेष्टा केली नाही. खिशातून नवीन माउस काढून दिला, "घेऊन जा, तिकडचा अडकतो म्हणाला होतास."

हेमांगीवहिनींनी चावी दिली. बंद घराला खोकल्याच्या औषधाचा वास. मशीन चालू केलं, डीव्हीडी घातली, टाकायला सुरुवात केली. मध्ये बसून राहिलो. मावशीची खुर्ची तशीच पुढे ओढलेली. काचेवर तिच्या बोटाचा ठसा होता. सगळा कॉम्प्युटर पुसला, तेवढी काच नाही पुसली.

छत्तीस मिनिटं लागली. घड्याळ लावलं होतं.

मग जे जे करता येईल ते केलं. चालू केलं की थेट कोरं पान समोर येईल असं. अक्षर अठ्ठेचाळीस. दर मिनिटाला आपोआप सेव्ह. वीज गेली तरी ओळ जायची नाही. प्रिंटरची केबल स्क्रूनं घट्ट बसवली. रॅमची एक जास्तीची पट्टी माझ्याकडे पडून होती ती लावली. चालू-बंद सात वेळा करून बघितलं. माझ्या हातून आजवर इतकं नीट मशीन तयार झालेलं नाही.

कोऱ्या पानावर काहीतरी लिहावंसं वाटलं. माफी वगैरे. नाही लिहिलं. ते पान माझं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दोनपर्यंत अंथरुणात. झोपलो नव्हतो.

३० नोव्हेंबर, रविवार

फोन करायला हात जातो आणि परत येतो. वाईट बातमी असती तर हेमांगीवहिनींनी कळवलं असतं, अशी स्वतःची समजूत घालतो. निमेश आता दिवसातून दोनदा चहा पाजतो, न विचारता. कुणी माझ्याशी चांगलं वागलं की आणखीच वाईट वाटतं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून दादरला, आमच्या मंडळाच्या पाण्याच्या स्टॉलवर. लांबून आलेल्या आयाबाया, पायांना फोड, डोक्यावर गाठोडी, तरी रांग मोडत नाहीत. ग्लास भरत राहिलो. दर वर्षी या दिवशी मन भरून येतं, आज जरा जास्तच.

दुपारी मेसेज आला. दीप्ती. "आई अठ्ठावीसला घरी आली. बसवून ठेवली की तासभर सांगते. चार धवले लिहून झाले. तीन तिला आठवत नाहीत, खूप प्रयत्न केला. कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो आहे."

मावशी घरी आहे! मावशी बोलतेय! स्टॉलच्या मागे जाऊन रडलो, अगदी हुंदके देऊन. कुणी काही विचारलं नाही. आज तिथे रडणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मग तीन हा आकडा परत वाचला. तीन रविवार, तीन धवले. एकास एक हिशेब नसतो आठवणीचा, मला कळतं. पण ते माझ्या नावावर आहेत. कायमचे.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी दात घासताना एकदम थांबलो. लसूण! ती स्वयंपाकघरात लसूण सोलत सांगत होती, तो कुठला? हळदीचा. तो तीनांतला असेल का? मला गाणं येत नाही, पण नादुरुस्त मशीनचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, तशी ती चाल डोक्यात बसलीय. वही घेऊन बसलो. समुद्राला बोलावणं, तो म्हणतो भरती आहे. खाडी म्हणते माझ्या अंगावर होड्या आहेत, त्यांना कुणाच्या ओटीत घालू? मामा... मामाशी अडकलो. दुपारपर्यंत बसलो, मामा काय म्हणतो ते आलं नाही.

आलं तेवढं दीप्तीला पाठवलं. सोबत एकच वाक्य लिहिलं — "शब्द चुकीचे असतील, क्रम बरोबर आहे." आणखी काही मागितलं नाही. मागायचा हक्क नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

दीप्ती : "खाडीपर्यंत वाचून दाखवलं. पुढचं आईनं एका दमात सांगितलं, मामासकट. आता दोनच राहिले."

दोनच!

निमेशला चहा मी पाजला.

१८ डिसेंबर, गुरुवार

दुकान बंद करताना फोन. दीप्ती. "कॉम्प्युटर बिघडलाय. रविवारी ये."

मी विचारत सुटलो. काय झालं? चालू होत नाही? लिहिलेलं गेलं का?

मग म्हणाली, "काही झालेलं नाही. ये."